तुकडे तीन, माणसं चार

मागच्या एपिसोडमध्ये मी म्हटलं होतं ना, की आईबाबांना "भारी" ठिकाणी जेवायला नेणार आहे? तर नेलं. आणि चौघांची चार मतं घेऊन परत आलो.

बांद्र्यातली जागा. नाव सांगत नाही, कारण असं आता एकच हॉटेल राहिलेलं नाही. तुम्हाला प्रकार माहीत असेल. मेन्यू सीझनप्रमाणे बदलतो, प्लेट्स छोट्या, सगळ्यांनी मध्ये ठेवून वाटून खायचं. मुंबईत 2015 मध्ये लोअर परळला बॉम्बे कँटीन सुरू झालं, तिथल्या मेन्यूतही 'छोटा' असा वेगळा भाग होता. त्यामागचे शेफ फ्लॉइड कार्डोझ मूळचे मुंबईचेच, न्यूयॉर्कमध्ये 'तबला' चालवून आलेले. 2020 मध्ये कोविडने गेले. आपल्याच भाज्या, आपलेच पदार्थ, पण मांडणी नवी, ही कल्पना मला तेव्हापासून आवडते. म्हणून तर आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला हा हट्ट केला.

बाबा म्हणजे थाळीवाले. वाढप्या आग्रह करतोय, आपण "नको नको" म्हणतोय आणि तो वाढतोच, याला ते जेवण म्हणतात. मेन्यू बघून पहिला प्रश्न, "पोळी कशासोबत येते?" वेटरने नम्रपणे सांगितलं, पोळी नाहीये. मी टेबलाखाली घुसायच्या बेतात.

पण मेन्यूवर शेवळं होती! जूनचा दुसरा आठवडा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेवळं ही रानभाजी. पहिल्या पावसात उगवते आणि काही आठवड्यांत संपते. ठाणे-कल्याणकडे आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. साफ करायला वेळखाऊ. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि शिजवताना काकडं घालायची. काकडं म्हणजे काकडी नाही हां! आवळ्यासारखी दिसणारी छोटी आंबट फळं. ती घातली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका.

आई मुरबाडकडची. तिचा चेहरा खुलला. वेटरला म्हणाली, "काकडं घातलीत ना रे बाळा?" तो आत जाऊन विचारून आला. घातली होती, वर त्यांचंच लोणचंही होतं.

प्लेट आली. छान, हाताएवढ्या दगडी ताटलीत, शेवळांचं सारण भरलेल्या तांदळाच्या कुरकुरीत वाट्या. मोजून तीन.

आम्ही चौघं.

आणि आई लगेच म्हणाली, "घ्या तुम्ही, मला नको." टेबलावर त्या भाजीची खरी माहिती असलेली एकमेव बाई! मी वेटरला म्हटलं, एक वाढवून द्या, पैसे लावा. तर म्हणाला, "सर, प्लेट अशीच डिझाइन केलीय." इथे माझं डोकं सरकलं. शेवळं साफ करायची मेहनत मी समजू शकतो, त्याचे पैसेही देईन. पण वाटून खा म्हणता आणि माणसं मोजत नाही, हे काय? शेवटी बाबांनी आपली वाटी मोडून अर्धी आईच्या ताटलीत ठेवली. काही न बोलता.

पुढे करटोल्याचे काप आले, जवळ्याचं लोणी लावलेली भाकरी आली, शेवटी जांभळाचं सरबत गोठवून केलेलं काहीतरी. ते सरबत जबरदस्त होतं, खोटं कशाला बोलू. ताईच्या मते या वर्षातलं सगळ्यात छान जेवण. बाबांचं मत लोकलमध्ये कळलं, "चवीला नाव नाही ठेवत. पण नऊ प्लेटा आल्या आणि जेवण आलंच नाही." ठाण्याला उतरून त्यांनी दोन वडापाव खाल्ले. बिल साडेसहा हजारांच्या वर गेलं होतं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. बाबा, हा एपिसोड ऐकू नका.

आणि माझं मत? बनवणाऱ्यांना दहापैकी नऊ, वाढणाऱ्यांना चार. परत जाईन, पण दोघंच. किंवा तिघं!

आई मात्र गप्पच होती. मला वाटलं, वाईट वाटलं असणार. पुढच्या रविवारी ती स्टेशनबाहेरून शेवळांच्या पाच जुड्या घेऊन आली. कोळंबी घालून भरपूर केली, बाबांनी तीनदा घेतली. जेवताना मी तोंडभरून म्हटलं, आई, त्यांच्यापेक्षा हजारपटीने भारी.

तर म्हणते कशी, "भाजी माझी चांगली झालीय. पण काकडाचं लोणचं मला कधी सुचलं नव्हतं रे." आणि उठून ओट्यावरची बरणी दाखवली. अजून मुरायचंय म्हणाली, हात लावू नका.