आचारी घरीं येतो

जो मनुष्य दिवसाचे बारा-चौदा तास परक्या लोकांसाठीं अन्न शिजवितो, त्याला घरीं परत आल्यावर पुन्हां चुलीपाशीं उभें राहावेंसें वाटतें काय? प्रश्न दिसावयास अगदीं साधा आहे. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्यांपैकीं प्रत्येकाच्या घरचा आहे. ज्या कामांत माणसाचा हात उत्तम बसलेला असतो, त्याच कामांतला आनंद पुष्कळदां नाहींसा कां होतो? आणि गेलेला आनंद परत यावयाचा झाल्यास तो कोणत्या वाटेनें येतो? या प्रश्नाचा विचार मी आज एका नामांकित फ्रेंच आचाऱ्याच्या चरित्राच्या आधारानें करणार आहें.

प्रथम मोठ्या हॉटेलांतील मुदपाकखान्याची रीत समजून घेतली पाहिजे. आज जगभर जी रीत रूढ आहे, तिची घडी मुख्यतः ऑग्युस्त एस्कोफिये या फ्रेंच आचाऱ्यानें बसविली. १८४६ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १८९० सालीं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख झाला. त्यानें तेथील कामाची सैन्यासारखी वांटणी केली. एकाकडे रस्से व सॉस, दुसऱ्याकडे भाजण्याचें काम, तिसऱ्याकडे मासे, चौथ्याकडे थंड पदार्थ, पांचव्याकडे मिष्टान्नें. पानांत येणारा एक पदार्थ अशा रीतीनें अनेकांच्या हातांखालून जातो, आणि म्हणूनच तो लवकर तयार होतो व रोज एकसारखा होतो. १९०३ सालीं एस्कोफियेनें आपला प्रसिद्ध पाकग्रंथ छापला. त्यांत सुमारें पांच हजार कृति असून व्यवसायी आचारी त्याला आजहि प्रमाण मानतात.

या पद्धतीला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. शेंकडों माणसांना एकाच वेळीं गरम आणि चांगलें अन्न वाढावयाचें असेल, तर अशा शिस्तीवांचून दुसरा मार्ग नाहीं. परंतु तिची किंमतहि ध्यानांत घेतली पाहिजे. येथें शिजविणाऱ्याला जेवणारा दिसत नाहीं. त्याच्या हातीं येते ती एक चिठ्ठी, आणि तिच्यावर असतो टेबलाचा क्रमांक. मीठ किती घालावयाचें हें काल ठरलेलें असतें; आज मनांत आलें म्हणून त्यांत चिमूटभर फरक करण्याची मुभा नसते. पदार्थ परत आला तर दोष कळतो. आवडला तर बहुधा कांहींच कळत नाहीं. अशा रीतीनें वर्षानुवर्षें काम केलें म्हणजे हात चपळ होतो, जीभ तरबेज होते. परंतु अन्न आणि माणूस यांच्यामधील धागा हळूहळू झिजत जातो. खुद्द एस्कोफियेनें आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९३४ सालीं, जें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें हॉटेलांसाठीं नव्हतें, घरच्या स्वयंपाकासाठीं होतें. पांच हजार कृतींच्या ग्रंथकर्त्याला अखेरीस घरगुती चुलीकडे वळावेंसें वाटलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ज्या आचाऱ्याची हकीकत मला सांगावयाची आहे, तो एस्कोफियेच्याच मृत्यूच्या सालीं, १९३५ मध्यें, फ्रान्समधील बूर-आं-ब्रेस या गांवीं जन्मला. त्याचें नांव जाक पेपँ. त्याची आई झानेत ही खाणावळ चालवीत असे, म्हणजे चूल आणि कुटुंब हीं दोन्हीं त्यानें लहानपणीं एकाच छपराखालीं पाहिलीं. तेराव्या वर्षीं शाळा सोडून तो आपल्या गांवच्या एका मोठ्या हॉटेलांत उमेदवारीला राहिला. पुढें पॅरिसमधील प्लाझा आतेने या विख्यात हॉटेलांत त्यानें काम केलें. सैन्यांतील सक्तीच्या नोकरीच्या काळांत फ्रान्सच्या पंतप्रधानांचा आचारी म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि जनरल द गॉल यांच्या पंगतीचा स्वयंपाकहि त्याच्या हातून झाला. तेव्हां त्याचें वय अवघें बावीस-तेवीस वर्षांचें होतें!

१९५९ सालीं तो अमेरिकेंत गेला. तेथें लवकरच त्याच्यापुढें दोन वाटा आल्या. एक वाट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निवासस्थानाच्या मुदपाकखान्याकडे जात होती. दुसरी हॉवर्ड जॉन्सन नांवाच्या, रस्तोरस्तीं शाखा असलेल्या साध्या उपाहारगृहांच्या कंपनीकडे. पेपँनें दुसरी वाट धरली, आणि तेथें सुमारें दहा वर्षें काढलीं. हजारों प्रवाशांना पुरेल इतकें शिंपल्यांचें सूप एका चवीचें कसें करावें, हें त्यानें तेथें शिकून घेतलें. याच काळांत, शाळा अर्धवट सुटली होती म्हणून, तो कोलंबिया विद्यापीठांत शिकला, आणि फ्रेंच साहित्यांतील एम्. ए. ची पदवी त्यानें मिळविली. १९७० सालीं त्यानें न्यूयॉर्कमध्यें सुपाचें एक उपाहारगृहहि काढलें. राजवाडी पंगत आणि हमरस्त्यावरची खाणावळ, या दोन टोंकांच्या मधील व्यवसायाचा बहुतेक सारा प्रदेश या मनुष्यानें पायांखालीं घातला होता.

पुढें १९७४ सालीं त्याच्या मोटारीपुढें अकस्मात् एक हरिण आलें आणि भयंकर अपघात झाला. पाठीचीं, कमरेचीं, हाताचीं हाडें मोडलीं. प्राण वांचले, परंतु मुदपाकखान्यांत दिवसभर उभें राहून राबणें पूर्वींसारखें शक्य राहिलें नाहीं. हात शाबूत, विद्या शाबूत, आणि ती जेथें चालवावयाची तें ठिकाण मात्र हातचें गेलेलें! अशा वेळीं माणूस खचतो. पेपँनें शिकविण्यास आणि लिहिण्यास आरंभ केला. १९७६ सालीं त्याचें पहिलें मोठें पुस्तक निघालें. सुरी कशी धरावी, कांदा कसा चिरावा, कोंबडीचीं हाडें कशीं सोडवावीं, या हाताच्या क्रिया त्यांत छायाचित्रांच्या साह्यानें पायरीपायरीनें दाखविल्या आहेत. १९९९ सालीं ज्यूलिया चाइल्ड या लोकप्रिय पाकलेखिकेबरोबर त्यानें दूरचित्रवाणीवर जी मालिका केली, तिच्या नांवांतच ‘घरचा स्वयंपाक’ होता.

आतां खरी मौज पाहा. हॉटेलाच्या शिस्तींत मुरलेला हा आचारी घरीं आल्यावर काय करतो? तो आपल्या आईच्या पदार्थांकडे वळतो, आणि त्यांपैकीं एकाची हकीकत मला फार अर्थपूर्ण वाटते.

सूफ्ले म्हणून एक फ्रेंच पदार्थ आहे. दूध, लोणी व मैदा यांच्या दाट सॉसमध्यें चीज आणि अंडीं घालून तो भट्टींत भाजतात, व तो फुगून वर येतो. शास्त्र असें कीं, अंड्यांतील पांढरा व पिंवळा भाग वेगळा करावा, पांढरा घुसळून त्याचा फेंस करावा, आणि तो अलगद मिसळावा. त्या फेंसांतील हवेनेंच पदार्थ फुगतो. पेपँची आई नवपरिणीत असतांना तिनें नवऱ्याला आवडतो म्हणून सूफ्ले करावयाचें ठरविलें. सॉस करावा, चीज घालावें, अंडीं घालावींत, एवढेंच तिला कोणीं सांगितलें होतें. अंड्यांचे दोन भाग वेगळे करावयाचे असतात, हें सांगावयाचें राहून गेलें. तिनें अख्खीं अंडीं फोडून घातलीं, ढवळलीं, आणि भांडें भट्टींत ठेवलें. सूफ्ले फुगला! नेहमींच्याइतका उंच नव्हे, परंतु चवीला सुरेख. त्या घरांत तो पुढें तसाच होत राहिला.

ज्या मुलानें पुढें या कलेचें सारें शास्त्र आत्मसात् केलें, त्याला ही कृति अशास्त्रीय म्हणून टाकून देतां आली असती. त्यानें ती आईच्या नांवानें पुस्तकांत छापली. शिवाय जाणकाराच्या नजरेनें तिचा एक गुणहि दाखविला. हें मिश्रण आगाऊ करून ठेवतां येतें आणि पाहुणे आल्यावर भट्टींत घालतां येतें. शास्त्रोक्त सूफ्लेला इतका धीर कोठला? येथें विद्येनें आईला दुरुस्त केलें नाहीं. ती बरोबर कां आहे, हें विद्येनें समजून घेतलें. व्यवसायी मनुष्य घरीं परत येतो तो असा. तो आपलें कौशल्य उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाहीं. तें बरोबर आणतो, मात्र त्याला न्यायाधीशाच्या आसनावरून खालीं उतरवितो.

त्याच्या ऑम्लेटाचेंहि असेंच आहे. तो दोन तऱ्हेचें ऑम्लेट करून दाखवितो. एक हॉटेलांतलें, पिंवळें, मऊ, ज्याच्यावर तांबूस डागहि पडतां कामा नये असें. दुसरें खेडवळ घरांतलें, तव्याला लागून खरपूस झालेलें. आणि यांतील एक श्रेष्ठ व दुसरें कनिष्ठ असें मानावयास तो तयार नसतो. घरांत उरलेल्या भाज्या, कालचा तुकडा, मोडका पाला, हें सारें एकत्र करून तो सूप करतो. वाया घालविणें त्याला खपत नाहीं, कारण त्याचें बालपण महायुद्धाच्या टंचाईंत गेलें. आणि घरीं पाहुणे आले म्हणजे त्या दिवशींचे पदार्थ तो वहींत लिहितो, पानांभोंवतीं स्वतः चित्रें काढतो, आणि जेवणाऱ्यांच्या सह्या घेतो. अशा वह्या त्यानें अनेक दशकें लिहिल्या. हॉटेलांतल्या चिठ्ठीवर पदार्थाबरोबर टेबलाचा क्रमांक होता. घरच्या वहींत पदार्थाबरोबर माणसाचें नांव आलें. त्याचें सारें परत येणें या एवढ्या फरकांत सामावलेलें आहे, असें मला वाटतें.

श्रोतेहो, आतां ही कथा आपल्या घरीं आणूं. आपण म्हणाल, आमच्या घरांत कोण हॉटेलचा आचारी आहे? परंतु जरा पाहा. एकाला सकाळीं सातला डबा हवा, दुसऱ्याला नऊला. एकाला कांदा-लसूण चालत नाहीं, दुसऱ्याला त्यावांचून घास उतरत नाहीं. एकाची पोळी गरमच पाहिजे, आणि एक रात्रीं दहाला येऊन जेवणार. वरणाला कालचीच चव पाहिजे. बिघडलें तर लगेच कळतें, साधलें तर कोणी बोलत नाहीं. हा मुदपाकखाना नव्हे तर काय? फरक इतकाच कीं, एस्कोफियेनें जीं कामें अनेकांना वांटून दिलीं, तीं येथें एकाच बाईच्या दोन हातांवर पडलेलीं असतात. आणि तिला ना वेतन, ना सुटीचा वार. त्यांतच अलीकडे दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धांनीं घरच्या पानालाहि परीक्षक बसविले आहेत. पदार्थ तोंडांत जाण्याच्या आधीं त्याचें छायाचित्र निघतें!

अशा गृहिणीला ‘स्वयंपाक आनंदानें करा’ असा उपदेश करणें हा अन्याय आहे. पेपँ घरीं परत आला, कारण तो घरांतून बाहेर गेला होता. ती बाहेर गेलीच नाहीं. मग तिनें परत यावें कोठून? आणि पेपँचा आनंद तरी एकट्याचा होता काय? पत्नी, मुलगी, मित्र हे त्याच्याबरोबर चुलीपाशीं उभे असत. २०१७ सालीं तर त्यानें आपल्या नातीला स्वयंपाक शिकवितां शिकवितां एक पुस्तकच केलें. तो रांधतो, आणि मग सर्वांबरोबर बसून गरम अन्न जेवतो. आपल्याकडे रांधणारी सर्वांत शेवटीं, निवलेल्या भातावर बसते. आनंद हवा असेल तर प्रथम ही बैठक बदलली पाहिजे.

तंत्र आनंदाचें वैरी आहे, असेंहि कोणीं समजूं नये. सुरी नीट धरतां आली कीं अर्ध्या तासाचें चिरणें दहा मिनिटांत होतें, व बोट कापण्याची भीति जाते. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं निघालें, आणि वाटी-चमच्याच्या बिनचूक मापांमुळें नवख्या मुलींनाच नव्हे, तर घर सोडून दूर राहणाऱ्या मुलांनाहि तें आधाराला आलें. ज्याचा हात बसला आहे त्याचें चित्त मोकळें होतें. मग त्या मोकळ्या चित्तांत भीति व हिशेब भरावयाचे, कीं समोर बसलेलीं माणसें, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून हें तंत्र घरांतील मुलग्यांना व पुरुषांनाहि शिकविलें पाहिजे. ‘मी मदत करतों’ असें म्हणून दोन मिरच्या चिरल्यानें भागणार नाहीं. आठवड्यांतून कांहीं वेळचा स्वयंपाक, बाजारहाटापासून भांडीं घासण्यापर्यंत, त्यांनीं आपल्या अंगावर घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. आठवड्यांतून एक दिवस जी रांधते तिनें स्वतःला काय खावेंसें वाटतें तें ठरवावें, आणि तेंच सर्वांनीं जेवावें. कित्येक घरांत हा प्रश्न तिला कोणीं विचारलेलाच नसतो, आणि प्रथम विचारल्यावर तिला उत्तरहि सुचत नाहीं. न सुचलें तर थांबावें. पुढच्या आठवड्यांत पुन्हां विचारावें. आणि उत्तर आलें म्हणजे, साधें पिठलें-भात का असेना, सर्वांनीं एकाच वेळीं पानावर बसावें व वाढप आळीपाळीनें करावें.

आणि जमल्यास एक वही ठेवावी. तारीख, पदार्थ, आणि त्या दिवशीं पंगतीला कोण कोण होतें, एवढेंच तींत लिहावें. रांधणाऱ्याचें नांव मात्र सर्वांत वर घालावें.