ज्ञानदान आणि दिव्यांग बालकाचा हक्क

आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. त्यांपैकी औषधदानात समाज कधी मागे राहिला नाही. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने 1975 पासून लाखो गरजूंना विनामूल्य कृत्रिम पाय व अन्य साधने दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु तोच पाय लावून एखादे बालक शाळेच्या दाराशी यावे आणि ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर ऐकून त्याने परत फिरावे, तर त्या पायाचे सार्थक कोणते?

येथे दानाची भाषा संपते आणि हक्काची सुरू होते. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली होती. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आला. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग बालके त्यातील वंचित गटात समाविष्ट झाली. पुढे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला आणि दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते ते 21 झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया यांचाही त्यांत समावेश आहे. ज्याचे दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक आहे, अशा 6 ते 18 वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम 31 देते. आणि शाळेची निवड त्या बालकाची असते, मुख्याध्यापकांची नव्हे!

आता थोडे अप्रिय, पण आवश्यक. जानेवारी 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्य दर्जा मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्य शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. त्यावरून ‘आपण सुटलो’ असा अर्थ काही ठिकाणी काढला जातो. हा हिशेब कच्चा आहे. 2016 च्या कायद्याचे कलम 16 अनुदानित वा मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांविषयी बोलते. भेदभावाविना प्रवेश, सुगम इमारत, वैयक्तिक गरजेनुसार साहाय्य, हे सारे त्यात आहे. शासनाने त्यासाठी ‘प्रयत्न करावा’ अशी त्याची भाषा सौम्य आहे खरी. पण अल्पसंख्य शाळेला वगळणारा एकही शब्द त्यात नाही.

‘हे तर त्याच्या पूर्वकर्माचे फळ,’ असे सहज बोलले जाते. कर्मसिद्धान्त स्वतःच्या आत्म्याचे परीक्षण करण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या लेकराचा न्याय करण्यासाठी नाही. शिवाय दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाचे कारण आहे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. प्रवेश नाकारणाऱ्या सहीचा जमाखर्च कोणाच्या खाती पडतो, हे विश्वस्तांनीच पाहावे.

खर्चाची भीतीही पुष्कळदा अवास्तव असते. पायऱ्यांशेजारी एक उतार, तो वर्ग तळमजल्यावर घेणे, कर्णबधिर मुलीला पहिल्या बाकावर बसविणे, यांस किती पैसा लागतो? मंदिराच्या एका रंगकामाहूनही कमी. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम 17 मध्ये आहे. लेखनिक मात्र ऐनवेळी मिळत नाही. समाजातील महाविद्यालयीन युवक-युवतींची नावे पर्युषण पर्वातच नोंदवून ठेवली, तर मार्चमध्ये अंध विद्यार्थ्याच्या आईला दारोदार फिरावे लागणार नाही.

पालकांनीही बालकाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र वेळेवर काढावे. सोयरिकीच्या भीतीने ते लपवू नये. प्रवेश नाकारला गेल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तो नकार शाळेकडून लेखी मागून घ्यावा.