अंगावरून जाणे : तक्रार, तपासणी आणि परिचारिका

प्रजननसंस्थेच्या आजारांचे शिक्षण बहुधा जंतूंच्या नावांपासून सुरू होते. परंतु परिचारिकेसमोर जी स्त्री येते, ती जंतूचे नाव घेऊन येत नाही. ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘ओटीपोटात दुखते’, ‘कंबर धरते’, ‘अंग बाहेर आल्यासारखे वाटते’ एवढेच ती सांगते, आणि तेही बहुतेक वेळा लेकराच्या खोकल्याचे औषध घेऊन झाल्यावर, दाराकडे वळता वळता, ‘सिस्टर, अजून एक होतं’ असे म्हणून सांगते. या अर्ध्या वाक्याकडे लक्ष गेले नाही, तर पुढील सारे वैद्यकशास्त्र त्या स्त्रीपुरते निरुपयोगी ठरते, आणि म्हणून या विषयाचा विचार तिथूनच होणे योग्य.

ज्या स्त्रिया असे काहीच सांगत नाहीत, त्यांची स्थिती काय असते याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार होते, आणि यापूर्वी कधी तरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, सुमारे ४५ टक्के स्त्रियांची या संबंधात कोणतीही तक्रारच नव्हती. तक्रार नसण्याची कारणे दोन असतात : काही संसर्ग, विशेषतः क्लॅमिडिया आणि स्त्रियांमधील परमा, म्हणजेच गोनोरिया, पुष्कळदा लक्षणांशिवाय वाढतात, आणि जे लक्षण दिसते ते बाईच्या जन्माला आलेलेच आहे, असे समजून स्त्रिया ते सोसत राहतात. पहिल्या कारणावर उपाय तपासणीचा आहे, तर दुसऱ्यावर उपाय विचारण्याचा, आणि ही दोन्ही कामे डॉक्टरांपेक्षा परिचारिकेच्या हाती अधिक आहेत.

येथे दोन संज्ञांमधला भेद स्पष्ट असला पाहिजे. शरीरसंबंधातून एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणाऱ्या संसर्गांना लैंगिक संसर्ग म्हणतात, तर जननमार्गाचा संसर्ग ही अधिक व्यापक संज्ञा असून तिच्यात लैंगिक संसर्गांखेरीज योनीतील नेहमीच्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याने होणारे आणि अस्वच्छ प्रसूती, गर्भपात किंवा तांबी बसवताना झालेल्या हयगयीमुळे होणारे संसर्गही येतात. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. पांढरे जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर ‘लैंगिक आजार’ असा शेरा पडला, तर तो शेरा घरी पोहोचतो आणि तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते. वस्तुतः तिला झालेला बुरशीचा संसर्ग मधुमेहामुळे, गरोदरपणामुळे किंवा नुकत्याच घेतलेल्या प्रतिजैविकांमुळेही झालेला असू शकतो.

निरोगी योनीतील आम्लता पीएच ३.८ ते ४.५ इतकी असते, आणि ती तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू तयार करीत असलेल्या लॅक्टिक आम्लामुळे टिकते. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणी किंवा पाळी येण्याआधी थोडा पांढरा, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव होणे स्वाभाविक आहे, हे शांतपणे समजावून सांगणे हाही उपचारच होय. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि असह्य खाज असेल तर कॅन्डिडा या बुरशीचा संशय घ्यावा. पातळ, करडा, मासळीसारखा वास येणारा स्राव जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे दाखवतो, आणि त्यात पीएच ४.५ च्या वर जातो. फेसाळ, पिवळसर-हिरवट स्राव ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा असू शकतो, आणि तो लैंगिक संसर्ग असल्याने जोडीदारालाही औषध द्यावे लागते. प्रत्यक्षात ही चित्रे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि म्हणूनच नुसत्या वर्णनावर विसंबून चालत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत रूढ केली आणि त्यासाठी रंगीत पाकिटे तयार केली. योनिस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, तर गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठीच्या राखाडी पाकिटात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम असते. पहिल्याच भेटीत उपचार होतात, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण हिरवे द्यावे की राखाडी, याचा निर्णय स्पेक्युलमने गर्भाशयमुख पाहिल्याखेरीज नीट होत नाही. स्त्रीला लघवी करून यायला सांगून, पडदा ओढून, कोमट पाण्याने ओले केलेले स्पेक्युलम मिटलेल्या अवस्थेत तिरके आत सरकवून मग फिरवून उघडले, की स्राव योनीच्या भिंतीवर आहे की गर्भाशयमुखातून पू उतरतो आहे, आणि कापसाच्या बोळ्याचा स्पर्श होताच रक्त येते का, हे दिसते. गर्भाशयमुखाचा संसर्ग निसटला, तर तो वर चढून गर्भाशय आणि बीजवाहिन्यांना सूज आणतो, नळ्या बंद होतात, आणि काही वर्षांनी ती स्त्री वंध्यत्वाच्या तपासण्यांसाठी हिंडू लागते. भारतात अशा बंद नळ्यांमागे जननमार्गाचा क्षयरोगही बरेचदा असतो, याचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. औषध देताना गर्भवती स्त्रीला फ्लुकोनॅझोलची गोळी पोटातून द्यायची नसते, तिच्यासाठी योनीत ठेवण्याची क्लोट्रिमॅझोलची गोळी असते. परंतु त्यासाठी आधी पाळी कधी आली होती, हे विचारलेले असावे लागते.

उपदंश, ज्याला लोक गरमी म्हणतात, त्याच्या बाबतीत मौनाची किंमत गर्भातील बाळ मोजते. ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूमुळे होणाऱ्या या आजाराचा पहिला व्रण दुखत नाही, स्त्रीमध्ये तो आत असल्याने दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत उपचाराविना भरून येतो. आजार मात्र रक्तात राहतो आणि वारेतून बाळापर्यंत जाऊन गर्भपात, मृतजन्म किंवा जन्मजात उपदंश घडवू शकतो. तरीही यावरचा उपाय १९४० च्या दशकापासून हाताशी आहे, तो पेनिसिलिनचा. सुरुवातीच्या टप्प्यातील उपदंशाला बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन बारा-बारा लाखांच्या दोन भागांत दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत खोलवर देतात. हे औषध दुधासारखे दाट असल्याने बारीक सुईत अडकते, म्हणून सुई रुंद छिद्राची घ्यावी लागते. अ‍ॅलर्जीची विचारपूस आणि चाचणी आधी करावी, अ‍ॅड्रेनॅलिन भरून जवळ ठेवावे, आणि इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे. पहिल्या चोवीस तासांत ताप आणि थंडी भरून येणे हा मरणाऱ्या जंतूंमुळे होणारा परिणाम असू शकतो. ते आधीच सांगितले नसेल, तर ‘सुई लागली नाही’ असे म्हणून स्त्री पुन्हा फिरकत नाही. बाळाचे रक्षण पुरते व्हावे यासाठी हा उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी व्हायला हवा, आणि त्यामुळे गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीतील रक्ततपासणी चुकता कामा नये.

उपचार एकटीवर झाला आणि नवरा तसाच राहिला, तर संसर्ग परत येतो. जोडीदाराला बोलावण्याची चिठ्ठी देताना त्यावर आजाराचे नाव नसावे, आणि तिला घरी मारहाणीची भीती असेल तर चिठ्ठी द्यायची की नाही, हे तिनेच ठरवावे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि निदान उघड करण्यास बंदी घातली आहे. हाच दंडक प्रत्येक लैंगिक आजाराला लावणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे.

विचारले गेले नाही, तपासले गेले नाही, तर या साध्या तक्रारीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांनी दाखवून दिले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, खाडा झाला की पैसे कापले जायचे, फडावर पाणी नाही, न्हाणीघर नाही, आणि पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. अशा स्थितीत पांढरे जाणे आणि पोट दुखणे यांवर पिशवी काढणे हाच तोडगा कित्येकींना सांगितला गेला. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नुसते पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण कधीही होऊ शकत नाही, आणि तरुण वयात बीजकोशही गेले तर हाडे ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंतचे धोके वाढतात. या स्त्रियांना ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जात असे, याचा खेद अधिक वाटतो. कारण ती भीती दूर करण्याचे साधन अत्यंत साधे आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि तो होण्याआधी अनेक वर्षे पेशींतील बदल ओळखता येतात. तीन ते पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्लात भिजवलेला बोळा गर्भाशयमुखावर एक मिनिट धरला, तर बिघडलेला भाग पांढरा उठून दिसतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात ही चाचणी दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षित केलेल्या स्थानिक स्त्रियांनी केली, आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जे काम त्या स्त्रिया शिकू शकल्या, ते परिचर्येच्या विद्यार्थिनीला पदवी किंवा पदविका हाती पडण्यापूर्वी सहज यायला हवे; परिचर्या महाविद्यालयांनी विद्यार्थिनींच्या नोंदवहीत प्रसूतींची संख्या जितक्या काटेकोरपणे तपासावी, तितक्याच काटेकोरपणे स्पेक्युलम तपासणीची आणि या चाचणीची संख्याही तपासावी, आणि उपकेंद्राच्या साहित्याच्या मागणीपत्रात स्पेक्युलम, चांगला दिवा आणि पडदा या तीन वस्तू आधी लिहाव्यात.