आस्प्रोमोंतेची पायवाट



इटलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बुटाच्या आकाराच्या त्या देशाच्या चवड्याशी, सिसिली बेटासमोर, कालाब्रिया हा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला आस्प्रोमोंतेचा डोंगर समुद्रातूनच उठल्यासारखा जवळजवळ दोन हजार मीटर उंच चढतो. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन फारशी उरतच नाही. रेज्जो शहरातून निघालेली आगगाडी त्या चिंचोळ्या पट्टीतून धावते आणि कोंदोफुरी मरीना, बोवा मरीना, पालिझ्झी मरीना अशी स्टेशनं एकामागून एक मागे पडतात. खिडकीशी बसलेल्याला वाटतं, झाला हा मुलूख पाहून. पण ही किनाऱ्यावरची गावं अलीकडची आहेत. खरं बोवा, खरं पालिझ्झी वर डोंगरात आहे.

माणसं एवढ्या उंचावर का राहिली? किनारा शतकानुशतकं धोक्याचा होता. समुद्रातून चाचे येत आणि माणसं धरून नेत. सखल दलदलीत हिवताप होता. म्हणून वस्ती कड्यांवर गेली. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यानं रेल्वे आली, दुसऱ्या महायुद्धानंतर हिवताप हटला आणि गावं हळूहळू खाली उतरली. काही भूकंपांनी उतरवली, काही पुरांनी, बरीचशी रोजगाराच्या ओढीनं. त्यामुळे इथला इतिहास आडवा पसरलेला नाही, तो उभा रचलेला आहे. किनाऱ्यानं सरळ गेलात तर अलीकडचा एकच थर हाती लागतो. बाकीच्यासाठी पायी चढावं लागतं.

या चढणीची जुनी वाट बऱ्याच ठिकाणी नदीतूनच जाते. इथल्या नदीला फ्युमारा म्हणतात. उन्हाळ्यात तिच्या रुंद पात्रात पांढरेशुभ्र दगडगोटे आणि मध्ये पाण्याची बारीक धार. तेव्हा पात्र हाच माणसांचा आणि खेचरांचा रस्ता. हिवाळ्यात पाऊस कोसळला की तीच नदी दरडी घेऊन खाली येते. आमेंदोलेआ ही त्यातली मोठी फ्युमारा. तिच्या वरच्या अंगाला, एका सुळक्यावर, रोगुदी गाव आहे. असं सांगतात, की कड्यावरून पडू नयेत म्हणून तिथल्या आया लहान मुलांना दोरीनं भिंतीतल्या खिळ्याला बांधून ठेवत. 1971 च्या ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टीनंतर ते गाव रिकामं करावं लागलं. लोकांना पुढे किनाऱ्याजवळ नवी वसाहत मिळाली. मेंढपाळांना समुद्रकाठी घरं मिळाली, पण कुरणं वर राहिली, आणि शेजार विखुरला तशी भाषाही विखुरली.

ही भाषा ग्रीक. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात ग्रीक दर्यावर्दी या किनाऱ्यावर वसाहती करत होते, आणि नंतर इथं बायझंटाइन सत्ताही बराच काळ होती. आस्प्रोमोंतेच्या खेड्यांत ग्रीक आजही जिवंत आहे, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड रोल्फ्स यांनी विसाव्या शतकात इथं पुन्हापुन्हा येऊन मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले. या बोलीची मुळं थेट प्राचीन वसाहतींपर्यंत जातात, असं त्यांनी मांडलं. काही अभ्यासक ती बायझंटाइन काळातली मानतात. गावात मात्र ग्रीक बोलणं अनेक वर्षं अडाणीपणाचं लक्षण समजलं गेलं. शाळेत त्यावरून मुलांची अवहेलना होई, म्हणून आईबापांनी ती मुलांशी बोलणंच सोडलं. 1999 च्या कायद्यानं इटलीनं तिला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून संरक्षण दिलं. आज आठशे मीटरहून उंचावरच्या बोवात या भाषेचं संग्रहालय आहे, आणि त्याला रोल्फ्स यांचंच नाव आहे.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी बोवात जायला मिळालं तर जरूर जा. ऑलिव्हची पानं विणून तिथले लोक स्त्रियांच्या आकृती करतात, काही मोठ्या, काही लहान. त्यांना आई आणि लेकी म्हणतात. फुलाफळांनी सजवून त्यांची मिरवणूक चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद झाला की त्या सोडवून पानं वाटून घेतात. धान्यदेवता डिमीटर आणि तिची लेक पर्सिफोनी यांची आठवण अनेकांना त्यात दिसते. याच डोंगरात पिवळ्या फुलांच्या जिनेस्त्रा झुडपाच्या काड्या उकळून, ओढ्यात भिजत घालून, बडवून बायका धागा काढत, आपल्याकडे अंबाडीचा वाक काढतात तसा. त्या धाग्याच्या चादरी विणल्या जात. खाली किनाऱ्यावर बर्गामोटच्या बागा आहेत. जगातलं बहुतेक बर्गामोट याच पट्टीत पिकतं. या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल अत्तरांत आणि अर्ल ग्रे चहात जातं. एक किलो तेलाला सुमारे 200 किलो फळं लागतात.

या मुलखात पायी फिरलेला एक परदेशी आपल्याला दुसऱ्याच कारणानं माहीत आहे: लिमरिकवाला एडवर्ड लिअर. पोटासाठी तो निसर्गचित्रं काढी. 1847 च्या उन्हाळ्यात तो एका मित्रासह आणि स्थानिक वाटाड्यासह गावोगाव हिंडला. एका गावच्या घराची ओळखचिठ्ठी घेऊन पुढच्या गावी जायचं, तिथं मुक्काम करायचा, चित्रं काढायची. पाच बोटांसारख्या खडकाखालचं पेंतेदात्तिलो गाव त्यानं रेखाटलं. सप्टेंबरमध्ये रेज्जोत उठाव झाला आणि प्रवास आवरता घ्यावा लागला. 1852 मध्ये त्याचं प्रवासवृत्त निघालं. हाच लिअर पुढे 1873 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरला आणि हिंदुस्थानभर चित्रं काढत फिरला.

त्याच्या मागावर आज ‘इंग्रजाची वाट’ नावाची पदयात्रेची वाट आहे. ती सहज झालेली नाही. 1970 आणि 80 च्या दशकांत खंडणीसाठी पळवलेल्या माणसांना आस्प्रोमोंतेत डांबून ठेवलं जाई, आणि या डोंगराचं नुसतं नाव काढलं तरी लोक बिचकत. अशा डोंगरात स्थानिक सहकारी संस्थांनी जुन्या पायवाटा साफ केल्या, घराघरांत पाहुण्यांची सोय लावली, गावचे वाटाडे तयार केले. 2021 मध्ये युनेस्कोनं आस्प्रोमोंतेला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

जायचं तर वसंतात जा, पावसाळी दिवसांत फ्युमारात उतरू नका आणि मुक्काम वरच्या गावात करा. रोल्फ्स असो वा लिअर, त्यांना जे गवसलं ते मुक्कामामुळे गवसलं. आणि पाहुण्याच्या एका रात्रीतून गावातल्या एका घराला मिळकत होते, वाटाड्याला काम मिळतं, आजीची भाषा ऐकायला कुणीतरी दूरवरून आलंय हे नातवंडांना दिसतं. डोंगरातून खाली गेलेल्या तरुणांना परत यायला अशी कारणं हवी आहेत. तुमच्या प्रवासानं त्यांत एकाची भर पडावी, अशी मनापासून विनंती करतो.