रुआबांध्यात ऐकलेली नवी रॅप गाणी

(भिलाईतील रुआबांधा येथे मराठी भाषिक साथींच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीसाठी मला ‘सांस्कृतिक आघाडीपुढील कार्य’ हा विषय देण्यात आला आहे. या विषयावर मी यापूर्वी तीनदा बोललो आहे. तिन्ही वेळा आपण शिस्तीने टाळ्या वाजवल्या आणि तिन्ही वेळा सांस्कृतिक आघाडी होती तिथेच राहिली. म्हणून आज मी ठरावाच्या भाषेत बोलणार नाही. गेले काही महिने माझ्या नातीच्या मोबाईलवर मी जी नवी रॅप गाणी ऐकली, त्यांविषयीची माझी मते आपणापुढे ठेवणार आहे. संगीताचे शास्त्र मला कळत नाही. शाहिरी ऐकत वाढलेल्या एका पोलाद कामगाराचे हे अभिप्राय आहेत, एवढेच समजावे.

हे ऐकणे मी हौसेने सुरू केले नाही. मागच्या मे दिनाला याच वस्तीतील एक तरुण ठेकेदारी कामगार माझ्याकडे आला आणि सभेत स्वतः रचलेले गाणे म्हणू द्या, असे म्हणाला. गाणे कोणत्या प्रकारचे, असे मी विचारले. त्याने ‘रॅप’ असे सांगताच आम्ही तिघा-चौघा जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि वेळ नसल्याचे कारण सांगितले. वेळ होता. त्या सभेत मी स्वतः पाऊण तास बोललो. ते गाणे कशावर होते, हे आम्ही विचारलेदेखील नाही. नंतर कळले की ते वेतनपावतीवर होते. ठेकेदाराने कागदावर एक रक्कम दाखवायची आणि हातात दुसरीच ठेवायची, हा जो व्यवहार आपण निवेदनांत वर्षानुवर्षे मांडत आलो आहोत, तोच त्या पोराने चार कडव्यांत मांडला होता.

या प्रकाराला नकार देताना माझ्या मनात काय होते, तेही प्रामाणिकपणे सांगतो. ‘अमेरिकन साम्राज्यवादाची सडकी संस्कृती’ हे शब्द मी अनेकदा उच्चारले आहेत. ते सगळेच चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. परंतु ज्या गोष्टीला आपण सडकी म्हणतो ती कोणाच्या घरात जन्मली, हे तरी पाहायला हवे होते.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम केला. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. हे कुटुंब जमैकातून आलेले, आणि तो भाऊ पुढे कूल हर्क या नावाने जगाला माहीत झाला. गाण्यातील गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात तेव्हा नाचणारे सर्वांत जास्त रंगतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. त्या तालावर बोलणे म्हणजे रॅप. महामार्ग काढण्यासाठी ज्या भागातील हजारो कष्टकरी कुटुंबे उठवली गेली, जेथील कारखाने निघून गेले आणि इमारती जळत राहिल्या, त्या भागातील काळ्या व लॅटिन पोरांनी वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसताना शोधलेली ही युक्ती आहे. १९८२ सालच्या ‘द मेसेज’ या गाण्याने त्याच वस्तीतील दैन्याचे वर्णन जगापुढे ठेवले. याला मक्तेदारी भांडवलाने पुढे विकत घेतले, ही गोष्ट खरी; पण जन्म त्याने दिला नाही.

आता नव्या गाण्यांकडे येतो. २०२४ च्या मे महिन्यात केंड्रिक लमार या गायकाचे ‘नॉट लाइक अस’ आले. ड्रेक नावाच्या दुसऱ्या बड्या रॅपरशी त्याचे भांडण चालले होते आणि दोघे एकमेकांवर गाणी रचत होते. माझ्या नातीला हा प्रकार फार आधुनिक वाटत होता. मी तिला म्हटले, आपल्याकडे याला कलगी-तुरा म्हणतात. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जबाब द्यायचा आणि कोणाचा जबाब तोकडा पडला हे बसलेल्या लोकांनी ठरवायचे. लमारच्या शब्दांची फेक विलक्षण आहे; ताल असा की पायाने न ऐकणे कठीण. या माणसाला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते आणि या एका गाण्याला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तरीही मला त्यातला सर्वांत बोधप्रद भाग गाण्याच्या बाहेरचा वाटला. भांडणारे हे दोघेही आपली गाणी युनिव्हर्सल या एकाच बलाढ्य कंपनीच्या व्यवस्थेतून विकत होते. हरलेल्या ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये दावा लावला तो प्रतिस्पर्ध्यावर नव्हे, तर आपल्याच कंपनीवर. आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळून लावला. दोन पहिलवान कोणीही असोत, आखाड्याचे तिकीट एकाच खिडकीवर विकले जात होते.

त्याच महिन्यात मॅकलमोर या गोऱ्या अमेरिकन रॅपरचे ‘हिंद्स हॉल’ आले. कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी गाझातील नरसंहाराच्या निषेधार्थ हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली व तिला हिंद रजब या चिमुकलीचे नाव दिले. जानेवारी २०२४ मध्ये गाझात ही मुलगी नातेवाइकांच्या मोटारीत अडकून मदतीची याचना करीत मारली गेली होती. त्या नामांतरानंतर आठवडाभरातच हे गाणे बाहेर आले. यात लेबनॉनची गायिका फैरूझ हिच्या जुन्या गाण्याचा तुकडा तालाखाली वाजत राहतो. गाण्याचे उत्पन्न पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला देण्याचे गायकाने जाहीर केले. कलेच्या दृष्टीने हे गाणे लमारच्या जवळपासही जात नाही. ठिकठिकाणी ते घोषणापत्रासारखे वाटते. परंतु घोषणापत्रासारखे वाटते म्हणून मी त्याला कमी गुण देऊ लागलो तर माझ्या स्वतःच्या आयुष्याचे काय होईल? बड्या कंपनीच्या करारात नसलेला गायकच हे एवढ्या लवकर म्हणू शकला, हेही नोंदवून ठेवा.

आपल्या देशात २०२४ च्या जुलैत हनुमानकाइंड या नावाने गाणाऱ्या मूळच्या मलप्पुरमच्या तरुणाचे ‘बिग डॉग्ज’ आले आणि जगभर वाजले. मेळ्यात ज्याला आपण मौत का कुआँ म्हणतो, त्या लाकडी विहिरीत त्याचे चित्रण केले आहे. भिंतीवर गाड्या फिरत आहेत आणि मध्ये उभा राहून हा गात आहे. दृश्य असे की मी ते चार वेळा पाहिले. इंग्रजी शब्द मात्र नातीने समजावून सांगितले तेव्हा बढाईपलीकडे फारसे हाती लागले नाही. त्या भिंतीवर रोज जीव टांगणाऱ्या माणसाची मजुरी काय, हाडे मोडली तर दवाखान्याचा खर्च कोण देतो, याविषयी त्यात अक्षरही नाही. मार्च २०२५ मधील त्याच्या ‘रन इट अप’ मध्ये केरळचा चेंडा घुमतो आणि आपला मर्दानी खेळ, पंजाबचा गतका, मणिपूरची थांग-ता पडद्यावर येते. चेंड्याचा तो गजर ऐकून अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही. महिना संपण्यापूर्वीच पंतप्रधानांनी ‘मन की बात’ मध्ये त्याचे कौतुक केले. गायकाचा त्यात दोष नाही. पण सत्ताधाऱ्यांना कोणते रॅप आवडते आणि कोणते आवडत नाही, याचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

न आवडलेल्याचे उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. एकाने पक्षांतराच्या खोक्यांवर गाणे केले होते, दुसऱ्याने ‘भोंगळी केली जनता’ या नावाने सामान्य माणसाची दशा सांगितली होती. तिथे ढोल-ताशा नव्हता, विहिरीचे नेत्रदीपक चित्रण नव्हते. साधा मोबाईल, साधा ताल आणि रोखठोक मराठी. पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचण्यास तेवढे पुरेसे ठरले. या दोघांच्या रचनेत कच्चेपणा आहे, यमकासाठी ओढाताण आहे. शब्द मात्र नेमक्या माणसाला लागले.

२०२४ मध्येच गाजलेल्या ‘तांबडी चामडी’ बद्दल तरुण साथी मला विचारतात. ते रॅपपेक्षा नाचाचे संगीत अधिक. मराठी शब्द परदेशी नाचघरांत वाजले याचा आनंद मलाही झाला, आणि ते प्रसिद्ध करणारी डच कंपनी वॉर्नर या अमेरिकन समूहाच्या मालकीची आहे हे कळल्यावर तो थोडा कमी झाला. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाचे २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’ मला याहून कितीतरी जवळचे वाटते. आरेच्या जंगलातील आदिवासी पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात गातात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रातोरात तोडली गेली. वारल्यांचे बंड म्हटले की आपणा सर्वांना १९४५ साल, तलवाड्याचा गोळीबार, जेठ्या गांगड आणि गोदाताई परुळेकर आठवतात. या पोरांनी तेच नाव उचलले तेव्हा आपण त्यांच्याकडे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ची एक प्रत घेऊन का गेलो नाही?

आमच्या या भागाचेच एक उदाहरण आहे. ओडिशातील कालाहांडीचा दुलेश्वर टांडी हा पदवी घेऊनही रायपूरच्या हॉटेलात कामाला होता. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांवरील त्याची गाणी देशभर ऐकली गेली. रायपूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. आपण त्याला ओळखले ते वृत्तपत्रांतून.

मुलींविषयीही बोलले पाहिजे. या प्रकारच्या गाण्यांत स्त्रीला दिली जाणारी शिवी हा मोठा कलंक आहे आणि त्याबाबतीत मी कोणालाही सूट देणार नाही. त्यातील फार मोठा भाग मी एका कडव्यानंतर बंद केला. पण त्यावरील उत्तरही रॅपमध्येच आहे. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या जगण्यावर रॅप करते, आणि तिच्यापुढे त्या शिवराळ मर्दानगीचा आवाज पोकळ वाटतो.

साथींनो, हा प्रकार परका आहे म्हणून तो आपल्या व्यासपीठावर नको, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. मग मला तमाशा आठवला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हा पांढरपेशा समाज तमाशाला काय म्हणत होता? अश्लील, ग्राम्य, घरंदाज माणसाने पाहू नये असा. तमाशा शुद्ध होईल आणि मग मी त्यात उतरेन, अशी वाट अण्णाभाऊंनी पाहिली नाही. त्यांनी गणातून गणपतीला रजा दिली आणि तिथे मातृभूमीला, श्रमिकाला व हुतात्म्यांना वंदन आणले; गवळण काढून टाकली; वगात गिरणी कामगार आणला. ज्या साच्यात कष्टकरी माणूस आधीच रमत होता, तोच साचा त्यांनी हाती घेतला. सरकारने त्यावर बंदी घातली, यावरून तो किती उपयोगी होता हे कळते.

आणि परका तरी किती? इथून काही कोसांवरच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी आपण भिलाईत कितीदा ऐकली आहे. हातात तंबुरा, अर्धे बोलणे, अर्धे गाणे, आणि बाजूला हुंकार देत प्रश्न विचारणारा रागी. पोवाड्यात झिलकरी ‘जी जी’ म्हणून शाहिराला उचलून धरतात, तेच काम. रॅप गाणाऱ्यामागे ओळीचा शेवटचा शब्द उचलणारा एक सोबती असतो. नातीने तो मला दाखवला आणि मी म्हटले, हा तर रागी.

बाजाराविषयी भाबडेपणा नको. हजारो तरुणांची गाणी ज्यावर ऐकली जातात, त्या स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे की वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला मोबदलाच मिळणार नाही. म्हणजे छोट्या कलावंताचा माल दुकानात मांडायचा, त्यावर दुकान भरलेले दाखवायचे आणि त्याला दमडी द्यायची नाही. ठेकेदारीची ही नवी आवृत्ती त्या वेतनपावतीवाल्या पोराला मी समजावून सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, काका, पुढचे गाणे यावर करतो.

होय, मी त्याच्याकडे गेलो होतो. रुआबांध्यातील त्याच्या खोलीत बसून ते गाणे ऐकले. अर्धे छत्तीसगढीत, थोडे हिंदीत, आणि ठेकेदाराला दटावणाऱ्या म्हातारीचे बोलणे त्याच्या आजीच्या वऱ्हाडीत. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी इथल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कामगार दगावले, त्यावर आपण पत्रके काढली, शोकसभा घेतली. गाणे एकही केले नाही. त्याने त्यावरही एक कडवे लिहून ठेवले आहे. ते त्याने मला वाचून दाखवले, गाऊन दाखवले नाही. अजून ताल सापडला नाही, म्हणाला.

तेव्हा अध्यक्षांपुढे माझी सूचना अशी. येत्या मे दिनाला त्याला पंधरा मिनिटे द्यावीत, आणि ती माझ्या भाषणातून कापावीत. त्याच्या तिसऱ्या कडव्यात मुकादमाच्या बायकोवर एक ओळ आहे. ती काढ, मुकादमावरच बोल, असे मी त्याला सांगितले आहे. तो अद्याप कबूल झालेला नाही. रविवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत. ज्यांना त्या वादात भाग घ्यायचा असेल त्यांनी यावे. खोली लहान आहे, चटई आपली आणावी.