कुंडीतल्या मातीला पांघरूण



मला बाल्कनीतल्या बागेवर बोलायला सांगितलंय. कोणती झाडं लावावीत हे इथल्या काकूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी फक्त मातीच्या वरच्या दोन इंचांबद्दल बोलणार आहे.

आमच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये खाली तळी आहेत, पण विसाव्या मजल्यावरच्या तुळशीला त्यांचा काय उपयोग? उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर गरम वारा. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी गायब! झाड त्यातलं थोडंच पितं, पुष्कळसं उघड्या मातीवरून उडून जातं. माती समईच्या वातीसारखी असते. वरचं पाणी उडालं की खालचं वर चढतं आणि तेही उडतं. मागे राहतात क्षार. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तो हाच. शिवाय इथलं नळाचं पाणी म्हणजे मुख्यतः समुद्राचं खारं पाणी, भरपूर ऊर्जा खर्चून गोडं केलेलं. ते असं हवेत सोडायचं?

उपाय जुनाच आहे. आपल्याकडे जाणते शेतकरी उसाचं पाचट न जाळता सरीत पसरतात. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या जोडीला आच्छादन हा एक आधारस्तंभ आहे. आपण तेच कुंडीत करायचं.

वाळलेली पानं, नारळाच्या मोकळ्या केलेल्या शेंड्या, काथ्या, काहीही चालेल. विकतचा काथ्या आधी भिजवून ते पाणी फेकून द्या, त्यात मीठ असू शकतं. आधी माती नीट भिजवा, मग दीड-दोन इंचांचा थर द्या. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. वाऱ्याने पानं शेजाऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून वर काथ्या दाबून बसवा. भाज्यांची ओली सालं मात्र तशीच टाकू नका, चिलटं होतात. नुसते खडे घातले तरी पाणी टिकतं, पण पानं कुजून मातीला जे खाऊ घालतात ते खडे देणार नाहीत.

पाणी घालण्याआधी थर बाजूला करून माती बोटाने चाचपा. वरून कोरडं दिसतं आणि आत ओल असते! हिवाळ्यात तर झाडं तहानेपेक्षा आपल्या मायेनेच जास्त मरतात.

आच्छादन म्हणजे जादू नाही. जुलैत तीन आठवडे भारतात गेलात तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावीच लागेल, कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्या लागतील. मातीच्या कुंडीच्या बाजूंनीही पाणी उडतं, तिला मोठ्या कुंडीत बसवा. एवढं केलंत तर कढीपत्ता नि तुळस परत आल्यावर भेटण्याची आशा बरीच वाढते.

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, आणि इथला लागवडीचा हंगामही नेमका याच दिवसांतला. यंदा नवरीला शालूबरोबर मुळाशी एक पांघरूणही द्या.