सीमेवरच्या किल्ल्यातील एक शेरा



इंग्लंडच्या उत्तरेस, आजच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात, व्हिंडोलँडा नावाच्या रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. सम्राट हेड्रियनची सुप्रसिद्ध भिंत इ. स. 122 मध्ये बांधण्यास घेतली गेली. हा किल्ला त्यापूर्वीच तेथे उभा होता. सीमेवरचा किल्ला म्हटला की तट, पहारे आणि शस्त्रागार डोळ्यांपुढे येते. परंतु 1973 मध्ये रॉबिन बर्ली यांना तेथील ओल्या, हवाबंद चिखलात टपालकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्टिका सापडू लागल्या आणि हे चित्र पालटले. त्यांवर शाईने लिहिलेला मजकूर इन्फ्रारेड छायाचित्रणाने वाचता आला. कुठे वाढदिवसाचे आमंत्रण, कुठे धान्याचा हिशेब, तर कुठे सैनिकांची हजेरी. तीत डोळ्यांच्या विकाराने कामास अपात्र ठरलेल्यांचीही वेगळी नोंद!

या ढिगातील एक पट्टिका मात्र शाळेशी नाते सांगणारी आहे. एका अपुऱ्या राहिलेल्या पत्राच्या मागील बाजूस कोणीतरी व्हर्जिलच्या ‘ईनीड’ महाकाव्याच्या नवव्या सर्गातील एक ओळ उतरवली आहे. कोरी बाजू वाया जाऊ द्यायची नाही, ही काटकसर त्या घरातही होती. ओळ धडपणे उतरलेली नाही. शेवटचा शब्द ‘नगर’ या अर्थाचा. त्यातले एक अक्षर गळाले आहे. त्यापुढे निराळ्या हस्ताक्षरात अवघी तीन अक्षरे आहेत. लॅटिनमधील ‘आळसाने’, ‘निष्काळजीपणे’ या अर्थाच्या शब्दाचा तो संक्षेप असावा, म्हणजेच हा शिक्षकाचा शेरा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. वहीवरचा लाल शाईचा शेरा ज्यांनी घरी लपवला असेल, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

ही पट्टिका किल्लेदार फ्लेवियस सेरिआलिस याच्या निवासस्थानाशी निगडित आहे. त्याच परिसरात लहान मुलांची चामडी पादत्राणेही मिळाली. तेव्हा गिरवणारे बोट बहुधा त्याच्या घरातल्या मुलाचे असावे. सेरिआलिसची तुकडी बटावी लोकांची, म्हणजे ऱ्हाइन नदीच्या मुखाकडील प्रदेशातली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. सेरिआलिसच्या घराण्याला रोमन नागरिकत्व मिळून एखादीच पिढी लोटली असावी. अशा कुटुंबातील मुलाला, रोमपासून इतक्या दूर, सैनिकी छावणीत, रोममधील शाळकरी मुलाला जो कवी शिकवीत तोच शिकवला जात होता. सवलतीचे कारण तेथे सहज सांगता आले असते: शेजारी भाषा बोलणारे थोडे, ग्रंथ दुर्मीळ, आणि बाप केव्हा मोहिमेवर निघेल याचा नेम नाही. तरीही गळालेले अक्षर कोणीतरी पाहिले आणि तसे सोडून दिले नाही. त्या किल्ल्याच्या कोणत्याही तटापेक्षा ही तीन अक्षरे अधिक बोलकी आहेत.

इ. स. 105 च्या सुमारास या तुकडीने किल्ला सोडला आणि ती डॅन्यूब नदीच्या सीमेकडे गेली. जाताना निरुपयोगी कागदपत्रांना आग लावण्यात आली. पुष्कळशा पट्टिका अर्धवट जळून तशाच राहिल्या. घर बदलताना मुलांच्या जुन्या वह्या प्रथम रद्दीत जातात, तसाच तो प्रकार. पुढे त्यांवर चिखलमाती साचली आणि नवा किल्ला उभा राहिला. पट्टिकेवर ना विद्यार्थ्याचे नाव आहे, ना शेरा देणाऱ्याचे.